माळवदावरची माती

आमच्या गावात कुणाची म्हैस आटली, कुणी बोअर पाडला, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, तरी माणसं न विचारता सल्ला देतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण जुन्या घराला हात लावला की गावातला प्रत्येक माणूस गवंडी होतो. हे मला २०१८ साली कळलं. त्या वर्षी मी मास्तरकीतून निवृत्त झालो आणि लातूरचं बिऱ्हाड बायकोवर सोपवून गावाकडचं माळवदाचं घर नीट करायला आलो.

आमचं गाव उमरग्याच्या भागातलं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हात-दीड हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. त्यावर सागाच्या, बाभळीच्या तुळया. तुळयांवर आडवे दांडे, त्यावर फळ्या आणि पाला, आणि सगळ्यांच्या वर दाबून बसवलेली पांढरी माती. असं सपाट छत म्हणजे माळवद. मध्येच एक भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. त्यातून चुलीचा धूर वर जातो आणि उजेड खाली येतो. वैशाखात बाहेर अंग भाजत असलं तरी मधल्या घरात रांजणाजवळ बसल्यासारखं गार वाटतं. कुरडया-पापड वाळवायचे तिथं, उन्हाळ्यात झोपायचं तिथं, आणि आईनं मारायला घेतलं की पळायचंही तिथंच.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, २०१४ साली गेले. त्यानंतर आई एकटीच त्या घरात राहायची. लातूरला ये म्हटलं की चार दिवस यायची आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. अण्णा होते तोवर दरसाल मृगाच्या आधी माळवदावरचं गवत उपटलं जायचं, नवी पांढरी पडायची, पन्हाळी मोकळ्या व्हायच्या. ते गेल्यावर कोण करणार? २०१७ च्या पावसात ढेलजेत चार ठिकाणी भांडी ठेवावी लागली. म्हणून मी मनावर घेतलं.

गावात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चहाच्या हॉटेलात विषय निघाला. हॉटेलवाला गाळणीतून चहा ओतता ओतता म्हणाला, "गुरुजी, पेन्शन बसली नव्हं? मग काय बघायलाव? पाडा आन् टाका स्लॅब. चार पिलर, वर टाकी, समोर स्टीलचं गेट." शेजारचा म्हणाला, "स्लॅब टाकू नका, उन्हाळ्यात भाकरी भाजून निघतीय. पत्रा टाका." तिसऱ्यानं पत्र्याखाली थर्माकोल लावायला सांगितलं. चौथा काहीच बोलला नाही, पण संध्याकाळी घरी येऊन त्याच्या मेव्हण्याचं सिमेंटचं दुकान आहे, असं सांगून गेला.

मग पाहुण्यांची पाळी आली. आमचे दाजी सोलापूरला फ्लॅट घेतल्यापासून वास्तुशास्त्रात शिरले होते. ते अंगणात होकायंत्र घेऊन फिरले. "घराचं तोंड दक्षिणेला आहे, म्हणून अण्णा गुडघ्यानं बेजार होते," असं त्यांचं निदान. चूल आग्नेयेला हलवा, मागून दार पाडा. मागं दार पाडलं तर ते शेजाऱ्याच्या गोठ्यात उघडतं, हे मी सांगितलं. त्यावर दाजी म्हणाले, "मग गोठा घ्या की विकत."

पुण्याहून चुलतभाऊ आला. तो वर्षातून एकदा जत्रेला येतो. त्यानं मोबाईलवर चौकटीचे, बळदाचे, देवळीतल्या पणतीचे फोटो काढले आणि मला अगदी गळ घातली. "दादा, काही बदलू नकोस. शहरात लोक असल्या घरात एक रात्र राहायला पाच-पाच हजार देतात. फक्त चुन्यात गूळ नि बेलफळ घालून गिलावा कर." मी विचारलं, "तू येऊन राहशील का?" तो हसला. जाताना म्हणाला, "संडास तेवढा कमोडचा कर."

जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी तर टेम्पो घेऊनच दारात आला. बारसाखेवर हात फिरवत राहिला. म्हणाला, "हे दार कशाला ठिवताव? वाळवी खाईल. बारा हजार देतो, वर नवं लोखंडी दार फुकट बसवून देतो." मी नको म्हटल्यावर तो पंधरावर आला. अठरावर गेल्यावर मला कळलं, की दार वाळवी खाण्यातलं नाही.

आत्या आल्या. त्यांचं म्हणणं वेगळंच. "काय बी कर बाबा, पर मधल्या घरातली अंधारी खोली पाडू नको. तुझा जन्म तिथला, माझ्या दोन लेकरांचा तिथला." त्या खोलीत उंदरांशिवाय आता कुणी नव्हतं. पण आत्या दाराशी जाऊन उंबऱ्याला हात लावून आल्या.

ह्या सगळ्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा, वाटेला लावायचं. मला राग यायचा तो मामांचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव सास्तूरच्या अंगाला. वय तेव्हा बहात्तर. महिन्यातून दोनदा एसटीनं यायचे आणि बसायच्या आधीच सुरू व्हायचे. "पाड हे. पाड म्हणतोय मी. दगूड ठिवू नको डोक्यावर." एकदा नाही, प्रत्येक खेपेला. जेवताना, अंगणात तोंड धुताना, बसला जाताना. वर असं, की रात्री कधी घरात झोपायचे नाहीत. थंडी असो, डास असोत, बाज अंगणात ओढायची आणि डोक्यावरून घोंगडी घ्यायची.

तुम्ही म्हणाल, ह्यात राग येण्यासारखं काय? सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. माणसं उशिरा झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढं बावन्न गावं उठवून दुसरीकडं वसवली. त्या रात्री मी गौरी-गणपतीच्या सुटीत गावीच होतो. माळवदातून गाडीभर धूळ अंगावर पडली, उतरंड कोसळली, अण्णांनी आम्हाला दंडाला धरून अंगणात ओढलं. उजाडल्यावर पाहिलं तर गावात पाच-सहा घरं बसली होती. आमचं उभं होतं. ढेलजेच्या भिंतीला एक भेग गेली होती, ती अण्णांनी आठवडाभरात लिंपून टाकली.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य चालत आलं : त्र्याण्णवला हललं नाही ते घर. मी ते वाक्य लातूरला स्टाफरूममध्येसुद्धा ऐकवलेलं होतं. त्यामुळं मामा 'पाड' म्हणायला लागले की मला वाटायचं, हे अण्णांच्या हातालाच नावं ठेवतायत.

एप्रिलमध्ये एकदा त्यांनी हॉटेलात बसलेल्या चार माणसांसमोर तोच विषय काढला, तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "मामा, घर आमचं आहे. काय करायचं ते आमचं आम्ही बघू. त्र्याण्णवला पडलं नाही ते आता काय पडतंय?"

मामा काही बोलले नाहीत. टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि दुपारच्याच गाडीनं निघून गेले. आईला कुणीतरी सांगितलं असणार. रात्री ती जेवली नाही. "भूक न्हाई," एवढंच म्हणाली.

मामांचं त्या भूकंपात काय झालं हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्यांची नऊ वर्षांची मुलगी गेली. माझी आजी, म्हणजे आईची आई, तीही त्याच खोलीत गेली. मी स्वतः तिथं गेलो होतो. पावसाच्या भुरभुरीत सरणं पेटत नव्हती, ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळं माहीत होतं. पण पंचवीस वर्षांत ती गोष्ट एकीकडं आणि मामांचं 'पाड पाड' दुसरीकडं, अशी दोन खणांत पडली होती. मी त्यांचा सल्ला ऐकत होतो आणि माणूस विसरलो होतो.

मे महिन्यात कामाला मिस्त्री शोधला. शेजारच्या गावचे म्हातारे मिस्त्री, हातात दोरी आणि ओळंबा. ते आले, चहा नको म्हणाले, आणि सल्ला न देता त्यांनी एक प्रश्न विचारला. तोवर दोन महिन्यांत मला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

"गुरुजी, माळवद खांबावर हाय का भिंतीवर?"

मला सांगता येईना. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, त्याच छताखाली जन्मलो, पण ते छत कशावर उभं आहे हे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी दाखवलं. मधल्या घरात भिंतीला लागून लाकडी खांब होते आणि तुळया त्यांच्यावर टेकलेल्या. "इथली भित पडली तरी माळवद हुबं ऱ्हातंय. भूकंपात असली घरं लई वाचली." मग ते ढेलजेत आले. इथं खांब नव्हते. तुळयांची टोकं थेट भिंतीत घुसलेली. मिस्त्रींनी भिंतीला ओळंबा लावला. दोरी वर भिंतीला चिकटलेली असायला हवी तशी होती, पण कमरेच्या उंचीवर भिंतीचं पोट तिला बाहेर ढकलत होतं. त्यांनी अण्णांनी लिंपलेल्या भेगेजवळचे दोन दगड काढले आणि मला म्हणाले, "हात घाला."

माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

भिंत एक नव्हतीच. बाहेरची दगडांची एक कातडी, आतली एक, आणि मध्ये चिपा नि सुटी माती. दोन्ही कातड्यांना बांधून धरणारा आरपार लांब दगड कुठंच नव्हता. माती वर्षानुवर्षं खाली बसत गेलेली आणि वर पोकळी झालेली. भूकंपात आमच्या भागातल्या भिंती फुटल्या त्या अशाच. हलताना दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात, एक आत पडते, एक बाहेर, आणि वरचं ओझं मधोमध खाली येतं.

ओझं किती, तेही त्या दिवशी कळलं. मिस्त्रींनी माळवदावर चढून पहार रोवली. दीड फूट माती होती. ढेलज दहा बाय पंधराची. मास्तर असल्यामुळं हिशेब मीच केला : सव्वादोनशे घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास. ट्रॅक्टरच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या नि वर थोडी. वजनात म्हणाल तर सुकी असताना दहा टनांच्या आसपास, आणि पावसात भिजली की त्याहून जास्त. खाली दाराजवळ आईची बाज.

ही माती काही एकदम पडलेली नव्हती. दरसाल मृगाच्या आधी अण्णांनी एक-एक थर टाकला होता. त्यांच्या आधी आजोबांनी. गळू नये, आतलं माणूस भिजू नये म्हणून. जुनी माती काढून मग नवी टाकायची, एवढं मात्र कुणी केलं नव्हतं. दरसालची काळजी वर साचत गेली आणि तिचंच वजन झालं.

लातूरला माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर आहे. त्याला बोलावलं. त्यानं भिंत पाहिली आणि शाळेत उत्तर देताना द्यायचा तसं मान खाली घालून सांगितलं, "सर, पूर्ण पाडायची गरज नाही. पण हे असं ठेवता येणार नाही." मधल्या घरावरची माती उतरवून सहा इंचांवर आणायची, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू देऊन लोखंडी पट्ट्यांनी आवळायचं. भिंतींत मीटर-मीटरवर आरपार भोकं पाडून, त्यात गज घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही कातड्या एकमेकींना धरतील. आणि ढेलज उतरवायची. सगळी.

आईनं त्या संध्याकाळी शेजारच्या पोराकडून मामांना फोन लावून घेतला. मी लावला नव्हता. माझं धाडस झालं नव्हतं.

मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. ढेलजेवरची माती उतरवायला चार माणसं लावली होती. पाट्या खाली येत होत्या, अंगणात ढीग वाढत होता. मामा ढिगाजवळ उकिडवे बसले. मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी बोललो ते..."

त्यांनी हातानंच थांबवलं. मग ढिगाकडं बघत म्हणाले, "त्या साली लई गळायलं होतं रे. म्हातारी म्हणली, माझ्या अंथरुणावर गळतंय. म्या दोन बैलगाड्या पांढरी टाकली. माझ्या हातानं. मृगाच्या आधी." थोडा वेळ थांबून पुढं म्हणाले, "आश्विन लागायच्या आत ती सगळी खाली आली."

पंचवीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, पण ती उठली नाही. मग म्हणाली, "गळतच होतं की. तू टाकली नसतीस तर दुसऱ्या कुणी टाकली असती." आणि पुन्हा खडे काढायला लागली.

त्या रात्री आम्ही तिघं अंगणात झोपलो. मला झोप येईना. ढेलजेकडं बघताना एक गोष्ट ध्यानात आली. आई कायम दाराजवळ झोपायची. मधल्या घरात गार, तिथं झोप म्हटलं तरी नाही. आणि दार नुसतं लोटलेलं, कडी कधी नाही. आम्ही समजायचो, मांजर ये-जा करतं म्हणून. मी हळूच विचारलं, "आई, तुला ह्या घरात भीती वाटायची?"

"वाटायची की."

"मग बोलली का नाहीस?"

"कोण इचारलं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुझे अण्णा म्हणायचे, त्र्याण्णवला हललं न्हाई. मग मी काय म्हणावं?"

दोन महिने गावातला जो तो बोलत होता. ज्याचं सिमेंट विकायचं होतं तो सिमेंट बोलला, ज्याला आठवण हवी होती तो आठवण बोलला. मीही अण्णांचा अभिमानच बोलत होतो. त्या घरात रोज रात्री झोपणाऱ्या एकुलत्या एका माणसाला मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिच्या वतीनं एक भाऊच बोलत होता, आणि त्याला मी चारचौघांत गप्प केलं होतं.

सकाळी मी वही घेऊन बसलो आणि आईला विचारलं, तुला काय काय पाहिजे. तिनं आधी "मला काय करायचंय" म्हटलं, मग एकेक निघालं. संडास अंगणात नको, आत पाहिजे, रात्री पाय घसरतो. दिव्याचं बटण बाजेवरून हाताला लागावं. मधल्या उंबऱ्याची उंची कमी करावी, गुडघा वर होत नाही. आणि साणं बुजवू नये. "सकाळचा कवडसा देव्हाऱ्यावर पडतो. तो पडला की मला कळतं किती वाजले ते."

काम दिवाळीपर्यंत चाललं. पाऊस सुरू झाल्यावर महिनाभर मधल्या घरावर ताडपत्री होती. सगळं मिळून सव्वातीन लाख गेले, त्यात स्लॅबच्या दोन खोल्या आल्या असत्या, हे हॉटेलवाल्यानं मला तीन वेळा सांगितलं. मधलं घर राहिलं, हलकं होऊन राहिलं. ढेलज गेली. तिच्या जागी ठेंगण्या विटांच्या भिंतीवर पत्र्याची पडवी आहे, तीत आईची बाज आणि हाताला लागेल असं बटण. सागाचं दार तिथंच बसवलं. आत्यांची अंधारी खोली वाचली, पण तिचा अर्धा भाग आता संडास-न्हाणीघर आहे. हे ऐकून आत्या महिनाभर बोलल्या नाहीत. दाजींच्या म्हणण्याप्रमाणं तो संडास ईशान्येला आला आहे. आईचा गुडघा मात्र त्यामुळं वाढलेला नाही.

वास्तुशांतीला मामा आले. मिस्त्रींना घेऊन घरभर फिरले. भिंतीतून डोकावणारे काँक्रीटचे ठोकळे एकेक मोजले, तिरक्या टेकूंना धरून हलवून पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलंस." जेवण झालं, रात्र पडली, मी मधल्या घरात त्यांचं अंथरूण घातलं. त्यांनी ते पाहिलं, अंथरुणाची गुंडाळी केली, आणि बाज अंगणात ओढली. मी काही म्हणालो नाही. माझीही बाज त्यांच्याशेजारी आणून टाकली.

आई मात्र त्या रात्री पडवीत झोपली. झोपायच्या आधी तिनं दाराला कडी लावली. तो आवाज आम्ही दोघांनी अंगणातून ऐकला.

परवा पलीकडच्या आळीत एका पुतण्यानं जुनं घर नीट करायला काढलं. मी सहज तिकडून चाललो होतो. पारावरची तीन-चार माणसं त्याला आधीच स्लॅब, पत्रा, दिशा सगळं सांगत होती. मी उभा राहिलो. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "एक सांग, माळवद खांबावर आहे का भिंतीवर?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग मान वर केली.

"आणि आत कोण झोपतं?" मी विचारलं.

"आजी."

"मग आधी तिला विचार," म्हटलं, आणि पुढं निघालो.